एकदा फसलेल्या सोसायटीचा विश्वास कसा मिळवायचा? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम

गच्चीवरचा | ८ एप्रिल २०२५, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. आधी वडिलांच्या हाताखाली, गेली बारा वर्षं स्वतः. चार कारागीर कायमचे आहेत, बाकी माणसं कामाप्रमाणे. बहुतेक कामं ओळखीतून येतात, त्यामुळे ‘तुमच्यावर विश्वास का ठेवायचा’ असं तोंडावर विचारणारं गिऱ्हाईक फारसं भेटलं नव्हतं. शनिवारी भेटलं.

तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, १९९४ ची. २८ बिऱ्हाडं, गच्ची साधारण ३,२०० चौरस फूट. २०२२ मध्ये एका ठेकेदाराने इथे कोटिंगचं काम केलं. साठ टक्के रक्कम आगाऊ घेतली, गच्ची नुसती झाडली आणि जुन्या कोब्यावरच कोटिंग ओढलं. धुतली नाही, भेगा खोलून भरल्या नाहीत, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) केला नाही. पहिला पावसाळा निभावला, दुसऱ्यात पापुद्रे सुटले. एक कड धरून मी ओढून पाहिलं, तर सापाची कात निघावी तशी हातभर पट्टी हातात आली. खालची धूळ तिच्या पाठीला जशीच्या तशी चिकटलेली होती.

दहा वर्षांची गॅरंटी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेली आहे. फोन बंद, आणि पत्त्यावर आता दुसरंच दुकान.

अध्यक्ष निवृत्त गृहस्थ आहेत, सत्तरीच्या पुढचे. मी कार्ड दिलं तर त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला, आत सहा-सात कार्डं रबर लावून ठेवलेली. म्हणाले, ‘त्याचंही यातच आहे. तुमच्याआधी पाच जण येऊन गेले. सगळ्यांनी दहा वर्षं सांगितली. तुम्ही किती सांगणार?’

मला उत्तर सुचलं नाही. ‘काका, आधी गच्ची बघू द्या,’ एवढंच म्हणालो.

काम मला हवं आहे आणि ते मी नीट करीन याची मला खात्री आहे. पण ती खात्री त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी? रेट पाडून काम घ्यायचं नाही, कारण मागचाही स्वस्तातच आला होता. तुमच्यापैकी कुणी असं गिऱ्हाईक सांभाळलं असेल, किंवा स्वतः असे पोळलेले असाल, तर सांगा.

---

कोपऱ्यातली खोली | ८ एप्रिल, रात्री ११.०२

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे पोळलेली. कोथरूडच्या फ्लॅटचं बाथरूम फोडून नव्याने करायला दिलं होतं. पैसे गेले, आणि खालच्या काकूंच्या छताला पाणी गेलं ते वेगळंच. दोन वर्षं त्यांच्यासमोरून जिना उतरताना माझी मान खाली असायची. गेलेल्या पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं होतं.

दुसऱ्या वेळी ज्यांना काम दिलं त्यांनी पहिल्या भेटीत रेटचा विषयच काढला नाही. ‘मागच्या वेळी काय काय झालं ते सगळं सांगा’ म्हणाले आणि वीस मिनिटं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ‘आमच्याकडे असं होत नाही ताई’ म्हणाले नाहीत. मग बुधवारी साडेदहाला येतो म्हणाले आणि बुधवारी साडेदहाला आले. हसू नका, पण माझा निम्मा विश्वास तिथेच बसला. आधीचा माणूस दर फोनला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचा. आजही ते शब्द कानावर पडले की पोटात गोळा येतो. तुम्ही ते तेवढं म्हणू नका.

---

माजी सचिव | ९ एप्रिल, सकाळी ७.४०

मुलुंडच्या एका सोसायटीत नऊ वर्षं सचिव होतो. तुम्ही अध्यक्षांचं मन वळवायला निघालात, पण त्यांची अडचण वेगळी आहे.

गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची, हे सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीतच (नियमावलीतच) आहे. तो पैसा दुरुस्ती निधीतला, म्हणजे बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दर वर्षी सभासदांकडून गोळा होतो त्यातला. खालच्या मजल्यावरच्यांनीही तो भरलेला असतो. त्यांच्या घरात कधी थेंब पडलेला नाही, आणि एकदा पैसे बुडालेले त्यांनी पाहिलेत. आता जनरल बॉडीत तुमचं नाव मांडायचं कुणी, तर अध्यक्षांनी. दुसऱ्यांदा फसगत झाली तर लोक ठेकेदाराला विसरतील, त्यांना विसरणार नाहीत. त्यांना मनातून तुम्ही पटलात तरी सभेत हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी लागेल. ते काय असेल याचा विचार करा.

आणि मागच्या माणसाला नावं ठेवू नका. त्याला निवडणारे हेच लोक होते. त्याला मूर्ख म्हणालात की तो शब्द त्यांनाही लागतो.

स्टॅम्पपेपर आता पाचशेचा लागतो, गेल्या ऑक्टोबरपासून. पण ज्यांच्याकडे एक निरुपयोगी कागद आधीच पडून आहे, त्यांना दुसरा देऊन काय साधणार?

---

स्लॅब आणि बीम | ९ एप्रिल, दुपारी १.२०

कोल्हापूरहून. स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, माझ्या बाजूने दोन मुद्दे.

इमारत ३१ वर्षांची. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालंय का हे आधी विचारा. झालं नसेल तर ‘ते करून घ्या, मग माझं कोटेशन’ असं सांगा. काम मिळायच्या आधी स्वतःच्या कामाला उशीर करायला सांगणारा ठेकेदार त्यांनी पाहिला नसेल.

दुसरं, जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नका. चार इंच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. लोक दर दहा-पंधरा वर्षांनी थर चढवत जातात आणि तो भार स्लॅबने मुकाट्याने वाहायचा. फोडून डेब्रिज खाली उतरवा, गच्चीच्या मध्यावर ढीग घालू नका. पाणी कोंडून चाचणी घेतानाही हिशेब ठेवा. १०० मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो, आणि लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी चल भार (माणसांचा, सामानाचा) चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. जुन्या स्लॅबवर मी तरी दोन इंचांच्या वर जात नाही, आणि तेही गच्चीचे भाग पाडून.

---

द्राक्षबाग निफाड | ९ एप्रिल, रात्री ९.३३

विषय वेगळा आहे पण दुखणं तेच, म्हणून लिहितोय. एका हंगामात बाहेरच्या व्यापाऱ्याला माल दिला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, तिसऱ्या-चौथ्या गाडीला ‘चार दिवसांत देतो’ म्हणाला, आणि गेला तो गेलाच. आमच्या भागात हे नवीन नाही. पण आपल्यावर आल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या वर्षी जो व्यापारी आला तो म्हणाला, ‘भाऊ, तोडणीला माणसं माझी, वजनकाटा तुमचा, आणि गाडी बागेतून निघायच्या आधी पैसे खात्यात.’ विश्वास ठेवा असं तो एकदाही म्हणाला नाही, विश्वासाची गरजच त्याने ठेवली नाही. चार हंगाम असं चाललं. पाचव्या वर्षी मीच म्हणालो, आठ दिवसांनी दिले तरी चालेल.

---

पुणेरी प्लास्टर | १० एप्रिल, सकाळी ११.१०

मीही याच धंद्यात आहे आणि मला हे सगळं एकतर्फी वाटतंय. अशा वेळी ठेकेदारालाच सगळे सांगतात, ॲडव्हान्स घेऊ नका, पैसे रोखून ठेवू द्या, दोन पावसाळे थांबा. मजूर दर शनिवारी पगार मागतो, त्याला काय सांगायचं? मागच्याने फसवलं हे कारण पुढे करून नव्या माणसाला पिळणारी गिऱ्हाइकंही मी पाहिली आहेत. एका सोसायटीने माझे दहा टक्के दोन वर्षं अडकवले, आणि शेवटी ‘जिन्यात डाग पडले’ म्हणून त्यातलेही कापले. गच्चीत एक थेंब गळला नव्हता.

पैसे रोखायचे असतील तर किती, कधीपर्यंत आणि कशावर सुटणार हे लेखी घ्या.

---

कोपऱ्यातली खोली | १० एप्रिल, दुपारी १२.४५

@पुणेरी प्लास्टर, हे पटलं. माझ्या वेळी आम्ही तारीख लिहिली होती आणि त्या तारखेला मी स्वतः फोन करून पैसे दिले. अविश्वास एकदा घेतला की त्याची सवय लागते, हे मी माझ्यात पाहिलंय. तारखेने मलाही आवर बसला.

---

गच्चीवरचा | १४ एप्रिल, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो.

गुरुवारी दिलेल्या वेळेला गेलो आणि अध्यक्षांना म्हणालो, ‘काका, २०२२ पासून काय काय झालं ते सांगा.’ ते उठले आणि कपाटातून एक लांबट चोपडी घेऊन आले, किराणावाले ठेवतात तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात गेल्या दोन-अडीच वर्षांची गळती लिहिलेली होती. फ्लॅट नंबर, खोली, तारीख, वेळ, पाऊस किती. निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून. म्हणाले, ‘कोर्टात जायचं झालं तर लागेल म्हणून लिहीत होतो. वकिलाने सांगितलं, एवढ्या रकमेसाठी दमून जाल. मग सवय म्हणून लिहीत राहिलो.’

तुमच्याआधी कुणी ही वही मागितली होती का, असं विचारलं. ‘पहिले तुम्हीच.’

चहा गार झाला तरी आम्ही वाचत होतो. ४०१, ४०२, ४०४ च्या नोंदी जून ते सप्टेंबरच्या. ४०३ च्या मात्र बाराही महिने. ‘१२ फेब्रु., सकाळी ८, बेडरूम, पाऊस नाही.’ ‘३ मार्च, सकाळी ८.१५, पाऊस नाही.’ एकूण एक नोंद सकाळची. पंप किती वाजता लावतात, विचारलं. साडेसहाला.

दोघंही गच्चीवर गेलो. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप मागच्या बाजूला कोपरापाशी तुटलेला. टाकी भरून वाहिली की पाणी टाकीच्या चौथऱ्यामागे साचायचं, अगदी ४०३ च्या बेडरूमच्या डोक्यावर. त्या डबक्यात मी खायचा लाल रंग टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचाच फोन, ‘४०३ च्या छताला गुलाबी डाग आलाय, या बघायला.’ आवाजात इतका उत्साह होता की मला पहिल्या दिवशीचा ड्रॉवर आठवला.

पाइप आणि पंपाच्या वेळेचा प्रश्न प्लंबरने अकराशे रुपयांत सोडवला. मी कोटेशन दिलं नाही. म्हणालो, आठ दिवस ४०३ बघा, तिथली गळती थांबली तर एवढा भाग माझ्या कामातून वगळा. आणि ऑडिटचंही विचारलं. अहवाल गेल्याच वर्षीचा आहे, स्लॅब ठीक आहे, जुना कोबा काढा असंच त्यात म्हटलंय.

---

माजी सचिव | १५ एप्रिल, सकाळी ६.५५

ती वही सभेत ठेवा. तुमच्या कोटेशनच्या आधी ती ठेवा.

---

गच्चीवरचा | २९ एप्रिल, रात्री ११.३०

४०३ कोरडं आहे. रविवारी सभा झाली. काकांनी वही वाचून दाखवली, मी गच्चीचा नकाशा भिंतीला लावला. चार भाग पाडलेत. ठरलं ते असं:

सामान सोसायटी थेट दुकानदाराकडून घेणार, बिल सोसायटीच्या नावावर. किती चौरस फुटाला किती माल लागतो ते बादलीवरच छापलेलं असतं, त्याप्रमाणे रिकाम्या बादल्या गच्चीवर मोजून ठेवायच्या आणि खजिनदार मॅडमनी सही करायची. मागच्या वेळी किती माल आला आणि किती लागला हे कुणालाच माहीत नव्हतं, सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. मजुरी भागाप्रमाणे. एक भाग फोडायचा, स्लॅब धुऊन भेगा भरायच्या, स्लरी, कोबा, शंभरला एक उतार, कडेने वाटा, मग दोन इंच पाणी ७२ तास. खालच्या घरातून सही आली की त्या भागाचे पैसे. आणि एका वेळी एकच भाग उघडायचा.

दहा टक्के रक्कम दिवाळीनंतर, ३१ ऑक्टोबरला. गळती असेल तरच अडवायची, बाकी कोणत्या कारणासाठी नाही. हे लेखी आहे, @पुणेरी प्लास्टर यांचे त्याबद्दल खास आभार.

गॅरंटी मी पाच वर्षांची दिली आणि कशाची नाही तेही लिहिलं. डिश अँटेनासाठी भोक पाडलं, कोजागिरीच्या मांडवाचे खांब ठोकले, तर ती जागा माझ्याकडे नाही. एका सभासदाने विचारलं, बाकीचे दहा देतात, तुमचं काम कच्चं आहे का? मी काही बोलायच्या आधी काका म्हणाले, ‘दहावालं माझ्या कपाटात आहे.’

---

द्राक्षबाग निफाड | ३० एप्रिल, सकाळी ८.०५

वाचून बरं वाटलं. पावसाच्या आत आटपा भाऊ.

---

गच्चीवरचा | २७ मे, रात्री १.१०

झोप येत नाही म्हणून लिहितोय.

दोन भाग व्यवस्थित झाले, सह्या झाल्या. मजूर गावी जायच्या घाईत होते. ११ जून ही मुंबईच्या पावसाची नेहमीची तारीख डोक्यात धरून मी चाललो होतो. मागच्या आठवड्यात वळवाच्या सरी आल्या, तरी वाटलं हे मान्सूनचं नव्हे. तीन दिवस वाचतील म्हणून तिसरा आणि चौथा भाग एकदम फोडला. एका वेळी एकच उघडणार हे मीच लिहून दिलं होतं.

काल, २६ मेला, पाऊस सोळा दिवस आधी आला. पहाटे जाग आली ती पत्र्यावरच्या आवाजाने. दोन पोरांना उठवून गाडीवर बसवलं. साडेपाचला गच्चीवर पोचलो तर ताडपत्रीचा एक कोपरा उडालेला, उघड्या स्लॅबवर घोट्याएवढं पाणी. पाणी बादल्यांनी उपसून ताडपत्री परत बांधली. पण ४०४ च्या वर भेग खोललेली होती, भरायची राहिली होती.

त्यांचा फोन यायची वाट बघू नये, एवढंच सुचलं. पावणेसहाला काकांना फोन लावला. ‘काका, ४०४ मध्ये पाणी उतरलं असणार. दोन भाग मी एकदम उघडले, ठरलं होतं तसं केलं नाही. चूक माझी आहे. मी गच्चीवर आहे, खाली चाललोय.’ पलीकडून काहीच आवाज नाही. मग, ‘थांबा, मीही येतो.’

४०४ मधल्या वहिनींनी दार उघडलं. पलंगावरची गादी भिजलेली, भिंतीवर ओघळ. त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. गादी आणि त्या भिंतीचा रंग माझ्या खर्चाने, असं तिथेच सांगितलं. रात्री नवीन गादी पोचवली. काकांनी वहीत नोंद केली. मी शेजारीच उभा होतो. ‘२६ मे, पहाटे, ४०४ बेडरूम. कारण: ठेकेदाराने दोन भाग एकदम उघडले.’ मला वाचून दाखवली आणि विचारलं, बरोबर आहे ना?

बरोबर होती.

---

कोपऱ्यातली खोली | २७ मे, सकाळी ९.२०

माझ्या वेळचा तो माणूस गळती सुरू झाल्यावर अकरा दिवस फोन उचलत नव्हता. त्या अकरा दिवसांत मी त्याच्याबद्दल काय काय विचार केले ते इथे लिहिता येणार नाही. तुमच्या त्या वहिनींना विचारायला माणूस दारात उभा होता. झालं ते वाईटच आहे, पण हा फरक मला माहीत आहे.

---

पुणेरी प्लास्टर | २७ मे, सकाळी १०.००

आमच्याकडेही दोन गच्च्या उघड्या सापडल्या. यंदा कुणालाच अंदाज आला नाही. तरीही दोन भाग उघडायला नको होते, हे तुम्हीच लिहिलंत, मी पुन्हा म्हणत नाही. आता उघडीप मिळेल तेव्हा आधी ती भेग भरा, कोब्याची घाई करू नका. ओल्या स्लॅबवर कोटिंग अजिबात नको.

---

गच्चीवरचा | १८ जून, रात्री ९.४५

महिन्याच्या सुरुवातीला उघडीप मिळाली, त्यात काम उरकलं. तिसरा भाग पूर्ण झाल्यावरच चौथ्याचा कोबा घातला. चौथ्या भागाच्या चाचणीला काका दिवसातून तीनदा गच्चीवर यायचे. पाण्याची पातळी कळावी म्हणून पॅरापेटवर खडूने रेघ मारली होती, ती स्वतः तपासायचे. उन्हाने पाणी जरा उतरलं तेव्हा बाजूला पाण्याने भरलेली बादली ठेवायची कल्पना त्यांचीच. बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं उन्हाने, त्याहून जास्त उतरलं तर गळती. मी इतकी वर्षं हे काम करतोय, मला कधी सुचलं नव्हतं. आता प्रत्येक साइटवर बादली ठेवणार.

४०४ ची सही शेवटी आली. वहिनींनी आधी हात लावून भिंत पाहिली, मग सही केली.

---

स्लॅब आणि बीम | १९ जून, दुपारी २.१५

बादलीची युक्ती उत्तम आहे. मी उचलली.

---

गच्चीवरचा | २१ ऑगस्ट, रात्री १०.२०

१८ आणि १९ ऑगस्टचा पाऊस तुम्ही पाहिलाच असेल. दोन्ही रात्री मी फोन उशाशी ठेवून पडलो होतो. फोन आला नाही. काल सकाळी मीच गेलो. काका वही घेऊन चारही घरं फिरून आले होते. ४०१, ४०२, ४०३ पुढे ‘कोरडं’ लिहिलंय. ४०४ ला छत कोरडं, पण बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल. गच्चीची नव्हे, बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे, पश्चिमेचा मार तिथेच बसतो. दोघांनी खिडकीतून वाकून पाहिली.

वहिनी म्हणाल्या, यांनाच सांगून टाका ना तेही काम. काकांनी मान हलवली. पावसाळा संपला की तीन कोटेशन मागवायची, असं म्हणाले, आणि ड्रॉवरमधून माझं कार्ड काढून वहीच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवलं. त्यातलं एक कोटेशन माझं असणार आहे.